अमरकंदाचा वास

समिधानं बनवलेल्या यंत्राचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की तिच्या कंपनीतल्या लोकांनाही ते धड आठवत नसे. त्याला ‘हुंग्या’ म्हणायला सुरुवात केली ती तिच्या आईनं.

त्या वर्षी गणपतीला समिधा पुण्याहून आंबेवळला आली होती. चंदगड तालुक्यातलं हे गाव डोंगराच्या कुशीत, कोकणच्या कड्याला लागून. आल्या आल्या तिनं काडेपेटीएवढी एक डबी मोबाइलला जोडली आणि स्वयंपाकघरातल्या बटाट्यांच्या टोपलीवर धरली. डबी थोडा वेळ घुमली. मग समिधा म्हणाली, “आई, अगदी तळाला, भिंतीच्या बाजूला एक बटाटा सडायला लागलाय.”

हेमलतानं टोपली उपडी केली. भिंतीकडचा बटाटा वरून चांगला धडधाकट दिसत होता. तिनं तो विळीवर चिरला. आतून काळा पडलेला.

“अगं बाई, हे तर हुंगतंय की!” हेमलता डबीकडे बघत राहिली. “हुंग्याच आहे मेला.”

पुढं कंपनीनं मराठी जाहिरातीत तेच नाव घेतलं आणि तेच चाललं. हेमलता रेडेकर आयुष्यभर आरोग्यसेविका होती. आजूबाजूच्या वाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातून लस टोचून घेऊन मोठी झालेली. सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत. निवृत्तीनंतर या सिस्टरला एकच विषय पुरत असे. दुकानात, बसस्टॉपवर, कुणाच्या बारशाला, कुठंही हुंग्याचं नाव निघालं की ती सहज सांगितल्यासारखं सांगायची, “माझ्या लेकीचं यंत्र ते.”

यंत्राची करामत समजायला सोपी होती. प्रत्येक सजीव वस्तू सतत काही सूक्ष्म कण हवेत सोडत असते. त्यालाच आपण वास म्हणतो. माणसाच्या नाकाला त्यातले थोडेच कळतात, कुत्र्याला पुष्कळ कळतात. हुंग्याच्या पोटात केसाहून बारीक अशा शेकडो पट्ट्या होत्या, आणि प्रत्येकीवर वेगळ्या पदार्थाचा लेप. हवेतले कण बसले की एखादी पट्टी किंचित फुगायची, दुसरी तशीच राहायची. एकट्या पट्टीला काही कळत नसे. पण सगळ्या मिळून जी नक्षी उमटायची ती अंगठ्याच्या ठशासारखी असायची, ज्याची त्याची वेगळी. एकदा ठसा दाखवला की हुंग्या तो विसरत नसे. आणि एका हुंग्याला जे शिकवलं ते जगातल्या सगळ्या हुंग्यांना कळे, कारण वासांचं भांडार एकच होतं आणि ते सगळ्यांना खुलं होतं.

खुलेपणाचा हा हट्ट समिधाचा होता. कंपनीत भांडून तिनं तो मान्य करून घेतला होता. त्याची फळंही दिसली. कुणी द्राक्षांवरच्या रोगाचा वास शिकवला, कुणी कुजणाऱ्या हळदीचा, मालवणकडच्या बायकांनी खारवलेल्या मासळीचा. प्रत्येकाचं ज्ञान सगळ्यांचं झालं.

मग कुणीतरी त्याला अमरकंदाचा वास शिकवला.

*

आंबेवळच्या वरच्या अंगाला ‘तळीचं रान’ म्हणून एक उतार आहे. खडकाळ, पण दाट झाडीचा. किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी. रेडेकर भावांची वाटणी झाली तेव्हा भावांनी भात पिकणारी जमीन मागितली. हेमलतानं मात्र नवऱ्याला हे रान मागून घ्यायला लावलं. आनंदराव तेव्हा जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवत. ते बायकोला म्हणाले, “तिथं काय दगड पिकवायचेत?” तरी त्यांनी तेच मागितलं. नंतरच्या वर्षांत शेजारच्या सगळ्यांनी आपापली मालकीची रानं तोडून काजू लावला, रबर लावला. रेडेकरांचं रान तेवढं उभं राहिलं.

कारण अमरकंद होता. नव्यानं लग्न होऊन आल्यावर लसीकरणाच्या फेरीला जाताना वैशाखाच्या शेवटी हेमलतानं तिथं प्रथम ती फुलं बघितली होती. पान नाही, काही नाही. कोरड्या जमिनीतून सरळ वर आलेला कमरेएवढा दांडा आणि त्याला जांभळट गुलाबी फुलांचा तुरा. पावसात मग हळदीसारखी पानं येतात. दिवाळीनंतर तीही वाळून जातात आणि वर काहीच उरत नाही. जमिनीखाली मात्र कंदांची माळ वाढत असते, वर्षाला एक मणी अशा बेतानं.

पूर्वी डोंगरात हा कंद पुष्कळ होता. औषधासाठी लोकांनी तो खणून खणून संपवला. हेमलतानं आपल्या रानातला राखला. शेंगा पिकल्या की ती त्या तिथंच उधळायची. हजारो बियांतून एखादंच रोप यायचं, तेही कुठं येईल याचा नेम नसायचा. पण वर्षांमागून वर्षं गेली तसा उतार भरत गेला. रानात कुणी शिरू नये म्हणून आनंदरावांनी तिथं बिबट्याचं घर असल्याची आवई उठवून दिली होती. या कामी त्यांना मदत केली ती बांधाशेजारच्या पुंडलिक गावडेनं. दोघांनी मिळून ओल्या मातीत पंजाचे ठसे उठवले होते आणि कित्येक दिवस पोट धरून हसले होते.

एवढ्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं जाहीर केलं की अमरकंदातलं एक द्रव्य म्हातारपणी झिजणाऱ्या हाडांवर गुणकारी ठरतंय. लगेच लोकांनी शेतात वाफे करून, खत घालून कंद वाढवून पाहिले. कंद पोसले, पण त्यांत ते द्रव्य उतरेना. रानात जमिनीतल्या बुरशीशी देवघेव करत, उपाशीतापाशी वाढलेल्या कंदातच ते तयार होत होतं. रानटी अमरकंदाला एकदम सोन्याचा भाव आला.

तरी हेमलताला फारशी काळजी नव्हती. वैशाखातली फुलं चार दिवसांची, तीही मोजक्याच कंदांना. कंद शोधायचा तर पानं दिसायला हवीत, म्हणजे भर पावसात यायला हवं. चिखल, जळवा, आणि शेताशेतात माणसं. बाकीचे सहा महिने अमरकंद जमिनीखाली नाहीसा होऊन बसायचा. ते लपणं हेच त्याचं कवच होतं.

हुंग्यानं तेच काढून घेतलं. उन्हानं जमीन तापली, भेगाळली की त्या भेगांतून खालच्या कंदाचा वास वर झिरपतो. माणसाला तो कळत नाही. हुंग्याला कळतो, आणि तो कुठल्या बाजूला वाढत जातो हेही कळतं.

फाल्गुनात एका सकाळी हेमलता काटक्या आणायला रानात गेली, आणि वरच्या किंजळापाशीच थांबली. सगळा उतार खड्ड्यांनी भरला होता. सावकाश, बरोबर जागा हेरून खणलेले खड्डे. दोन-तीन ठिकाणी घाईत तुटलेले कंद पडले होते, आतून पांढरे, अजून ओले.

ती घरी आली, हातपाय धुतले आणि समिधाला फोन लावला.

“तुझा हुंग्या येऊन गेला,” एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

*

समिधा दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर पोलीस येऊन पंचनामा करून गेले होते. आनंदराव मुलीला घेऊन रानात गेले. हेमलता गेली नाही.

संध्याकाळी ओट्यावर समिधा म्हणाली, “आई, भांडारातून अमरकंदाचा वास मी काल काढून टाकलाय.”

“आणि?”

“आज दुसऱ्या नावानं परत आलाय. पुन्हा काढला तरी येईल. ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडं तो राहणारच.”

“म्हणजे आता जगात कुठंही असला तरी सापडणार.”

“आई, मी हे चोरांसाठी केलं नव्हतं.”

“मी कुठं म्हटलं तसं?” हेमलताचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच समिधाला तो जास्त लागला. “मी जन्मभर एक गोष्ट लपवून ठेवली. तुझ्या यंत्राला लपवलेलं कळतं. एवढंच.”

त्यानंतर गावात हुंग्याचा विषय निघाला तर हेमलता बोलत नसे. कुणी मुद्दाम विचारलंच तर ती दुसरंच काही काढायची. समिधाच्या ते लक्षात आलं. तिनं कंपनीकडून लांब रजा काढली आणि ती आंबेवळलाच राहिली.

तिला एक तोड सुचली होती. तिनं अमरकंदाच्या वासाचं मिश्रण करून छोट्या गोळ्या बनवल्या आणि उतारभर जागोजागी पुरल्या. कंद नाही तिथंही वास येऊ लागला की हुंग्या गोंधळेल, असा तिचा हिशेब. हुंग्या गोंधळलाही. पण चैत्रात खणणारे परत आले तेव्हा वास येईल तिथं ते खणत सुटले. बहुतेक जागा गोळ्यांच्याच निघाल्या, म्हणून कंद फारसे गेले नाहीत, पण जांभळाची मुळं तुटली, बांबूचे गड्डे उखडले, पाणी धरून ठेवणारा पालापाचोळा उपसला गेला. एका रात्रीत रान पार उसवलं होतं.

समिधा एका खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. हेमलता तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, “त्या सगळ्या गोळ्या काढायला किती दिवस लागतील?”

“आठवडाभर. काढून टाकते मी.”

“मी पण येते काढायला.”

दोघींनी मिळून गोळ्या काढल्या. काम करता करता बोलणं सुरू झालं. उरलेल्या कंदांतले बहुतेक किंजळाच्या मुळांजवळ का आहेत, असं समिधानं विचारलं. हेमलता म्हणाली, “मी उतारभर बी टाकते, पण जास्त येतं ते इथंच. सावली म्हणावी तर तिकडं पण आहे. ओल म्हणावी तर खाली जास्त आहे. मला नाही अजून उमगलेलं.”

रात्री समिधानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती आईबापांना सांगू लागली. अमरकंद ही जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. आमरीचं बी म्हणजे धूळ. एका शेंगेत लाखाच्या घरात बी असतं, पण एकेका बीजवळ शिदोरी अशी काहीच नसते. भाताच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं अन्न असतं, आमरीच्या बीत नसतं. ते मातीत पडतं आणि वाट बघतं. एका ठराविक जातीच्या बुरशीचा धागा येऊन भिडला, तर ती बुरशी त्याला दूध पाजावं तसं अन्न देते आणि मग ते वाढतं. नाही भिडला तर मरतं. म्हणजे बी कमी पडतच नव्हतं. दाई कुठं आहे ते ठाऊक नव्हतं.

हेमलतानं कप खाली ठेवला. “त्या बुरशीला वास असतो?”

समिधा आईकडे बघतच राहिली.

“असतो ना? पावसाळ्यात आळंबी उगवायच्या आधी मातीला येतो तसला काहीतरी. मग कंद हुंगायच्याऐवजी तुझ्या यंत्राला ही बुरशी हुंगायला शिकव.”

*

ते शिकवायला दोन महिने गेले. उरलेल्या अमरकंदांभोवतालची माती, अमरकंद नसलेल्या जागची माती, ओली, कोरडी, सकाळची, दुपारची. मायलेकींनी परोपरीनं हुंग्याला घोकवलं. शेवटी तो चुकेनासा झाला. समिधा तो घेऊन उताराबाहेर हिंडली तेव्हा तिला नवल वाटलं. बुरशी नुसत्या तळीच्या रानात नव्हती. गावडेंच्या काजूबागेच्या कडेला होती, देवळामागच्या राईत होती, ओढ्याच्या काठानं पार खालच्या वाडीपर्यंत होती. जिथं म्हणून एखादं जुनं झाड शिल्लक होतं तिथं ती दम धरून होती.

“आपल्या रानात बरोबर जागा बघून पेरलं तर पाच वर्षांत उतार पुन्हा भरेल,” समिधा म्हणाली. “यावेळी तारेचं कुंपण घालू. कॅमेरे लावू.”

“आणि परत कुणी हुंगत आलं की?”

समिधानं हातातली डबी उलटसुलट केली.

“मी सांगते,” हेमलता म्हणाली. “मी नोकरीला लागले तेव्हा गोवरची साथ यायची. एका पोराला लस टोचून साथ थांबत नाही. सगळ्या गावानं घेतली की थांबते. बी सगळ्यांना द्यायचं. ज्याच्या ज्याच्या रानात बुरशी आहे त्याला. हुंग्या कुठं वास कमी, कुठं जास्त, ते बघूनच वाट काढतो ना? सगळ्या डोंगराला तोच वास आला तर तो काय सांगणार? आणि ज्याच्या त्याच्या रानात असलं की राखणही जो तो करणार.”

आनंदराव इतका वेळ एका विजेवरच्या स्कूटरची मोटार उघडून बसले होते. त्यांनी पाना खाली ठेवला. “सगळ्यांना? चोराला वाट दाखवणाराही आपल्यातलाच आहे. बिबट्याच्या भीतीनं एरवी त्या रानात कुणी पाय टाकत नाही. बिबट्या खोटा आहे हे आपल्या तिघांशिवाय एकालाच माहीत आहे.”

“पुंडलिक,” हेमलता म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग त्यालाही देणार?”

“त्याला आधी देणार.”

*

शेंगा पिकल्या तेव्हा गावात मळण्या चालल्या होत्या. पुंडलिक खळ्यात गंजी रचत होता. सिस्टरला येताना बघून तो गंजीवरून उतरला, पण पुढं आला नाही.

“या की सिस्टर. च्या ठेवाय सांगतो.”

“चहा मागनं. तुझ्या बागेच्या कडेला जुना किंजळ आहे ना, त्याखालची जागा बघायची आहे. अमरकंद पेरायचाय तिथं.”

तिनं हातातलं फडकं सोडलं. आत वाळलेल्या शेंगा होत्या. पुंडलिकनं त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“मला कशाला देतासा? तुम्हास्नी ठावं हाय समदं.”

“ठाऊक आहे.”

“मग पोलिसास्नी का न्हाई सांगितलं?”

“सांगून रान परत आलं नसतं.” हेमलता खळ्याच्या कडेला दगडावर बसली. “पुंडलिक, तू त्यांना वाट दाखवलीस. ते रान माझं होतं. तुझ्या रानात असता कंद, तर दाखवली असतीस?”

पुंडलिकनं गळ्यातला टॉवेल काढून तोंड पुसलं, परत गळ्यात टाकला. मग तो घरात गेला. हेमलताला वाटलं, आता हा बाहेर येत नाही. पण तो कोयता घेऊन बाहेर आला.

“मागल्या कुंपणाकडनं जाऊया,” तो म्हणाला. “त्या अंगाला पाला जादा साठलेला हाय.”

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात वाडीतली माणसं जमली. हेमलता उभी राहिली. सवयीनं ती लसीकरणाच्या वेळच्यासारखीच बोलली: काय आहे, कशासाठी आहे, काय करायचं, काय करायचं नाही. शेंगेतली पूड रानातल्या चिमूटभर मातीत मिसळायची. ती माती म्हणजे विरजण. हुंग्या दाखवेल त्या जागी पाला बाजूला सारून पसरायची, पाला परत ओढायचा. खत नाही, पाणी नाही, साफसफाई नाही. जुनं झाड असेल ते तोडायचं नाही. पाच वर्षं कंदाला हात लावायचा नाही.

“आणि सिस्टर, ही डबी चुकली तर?” मागून कुणीतरी विचारलं.

समिधा उत्तर द्यायला उठली. तेवढ्यात हेमलता म्हणाली, “चुकणार नाही. माझ्या लेकीचं यंत्र आहे ते.”

समिधा पुन्हा खाली बसली. मग ती बराच वेळ हुंग्याची डबी पुसत राहिली.

*

पहिल्या पावसाळ्यात काही आलं नाही. लोकांनी थट्टा केली. सिस्टरनं धूळ पेरली, धूळच उगवणार, असं चहाच्या टपरीवर चालायचं. पुण्याला परतलेली समिधा फोनवर धीर द्यायची की बी आधी जमिनीखाली मोहरीएवढी गाठ होऊन बसतं, पान यायला वेळ लागतो. हेमलता ऐकून घ्यायची. पेरलेल्या जागा ती न चुकता बघून यायची.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुरुवातीला, पुंडलिक तिच्या दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, चपलांचा पत्ता नाही.

“आलं!” तो म्हणाला. “सिस्टर, पान आलं!”

हेमलता छत्रीही न घेता त्याच्या मागून गेली. किंजळाखाली पाल्यातून बोटभर हिरवं पान वर आलं होतं, गवताच्या पात्याहून थोडं रुंद. त्याच्या पलीकडे आणखी एक. मग डोळा सरावला तशी ती दिसतच गेली. पुंडलिक प्रत्येकाकडे बोट दाखवत होता, जणू तिला दिसत नसावीत. त्या आठवड्यात देवळामागच्या राईतून निरोप आला, खालच्या वाडीतून आला. ज्यांनी थट्टा केली होती त्यांनी पुढच्या दिवाळीत दारात येऊन बी मागून नेलं.

आता लोक आपल्याच रानात चक्कर मारू लागले. पाहुण्यांना नेऊन दाखवू लागले. एकानं रबर लावायला झाडं तोडायचा ठेका दिला होता, तो मोडला. वनखात्याच्या परवानगीनं गावानं आपला नियम घातला: पेरलेल्या जागचेच, पूर्ण वाढलेलेच कंद काढायचे, आणि प्रत्येक माळेतला शेवटचा मणी परत मातीत ठेवायचा. औषध कंपनीच्या माणसांनी पहिले कंद तपासले. रानटी कंदाइतकंच द्रव्य निघालं. तळीच्या रानातल्या कंदांना मात्र हेमलतानं स्वतःही हात लावला नाही. ते बी देण्यासाठी होते.

खणणारे त्यानंतर एकदाच आले. फाल्गुनात, भर दुपारी, गाडी रस्त्यावर लावून, सरकारी मोजणीचे लोक आहोत असं सांगत. तिघे होते आणि त्यांच्याकडचा हुंग्या नव्या बनावटीचा, जुन्याहून तिखट नाकाचा होता. ते पुंडलिकच्या बागेच्या कडेनं चालू लागले तसा पडद्यावरचा बाण डावीकडे वळला. थोडं पुढं जाताच उजवीकडे वळला. मग मागं वळला. मग गोल फिरत राहिला. तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. सगळा डोंगर एकाच वासानं भरला होता.

तोवर माणसं जमली होती. काजू गोळा करणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून आल्या. हेमलता आली. पुंडलिक पुढं झाला आणि त्यानं विचारलं, “काय मोजतासा?”

त्यांच्यातला एक जण त्याला ओळखून हसला. “अरे, तूच तर आम्हाला मागं घेऊन आला होतास. आता उलट विचारतोस?”

सगळ्यांचे डोळे पुंडलिकवर होते. त्याचा चेहरा तांबडा झाला. पण तो मागं सरला नाही.

“व्हय,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मीच आणलेलं. तवा ते दुसऱ्याचं हुतं. आता माझ्यात बी हाय. ह्यांच्यात बी हाय. कुणाचं खणतासा, बोला.”

त्या माणसानं डबी खिशात घातली. बाया त्यांच्या वाटेत उभ्या होत्या. आता काय करायचं म्हणून सगळे सिस्टरकडे बघू लागले.

“पुंडलिक,” हेमलता म्हणाली, “पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून ये. या खेपेला वाट नीट दाखव.”

बाया खो खो हसल्या. पुंडलिकही हसला, आणि त्यांना पुढं घालून रस्त्याकडे निघाला.

*

समिधाच्या भांडारात आज अमरकंदाचा वास उघड नावानं आहे. शेजारी बुरशीचा वासही आहे, आणि त्याखाली आंबेवळची पेरायची रीत लिहिली आहे. महाबळेश्वरकडून, जव्हारकडून, पार केरळातून लोक विचारतात आणि बी घेऊन जातात.

गेल्या वैशाखात समिधा घरी आली होती. आंबेवळच्या ओढ्यापलीकडे सरकारी जंगल सुरू होतं. तिथं बुरशी कुठवर पोचली आहे ते पाहायला तिनं आईला सोबत नेलं. ओढा आटला होता. हेमलताचे गुडघे आता कुरकुर करतात. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ती दगडांवरून पलीकडे गेली. चढ थोडा चढून झाल्यावर समिधानं खिशातून हुंग्या काढला.

“राहू दे ते,” हेमलता म्हणाली. “दिसतंय की.”

समोर अंजनीच्या झुडपांमध्ये एक सरळ दांडा उभा होता, जांभळट तुरा घेऊन. त्याच्यापलीकडे दुसरा. वर, खडकाच्या आडोशाला, आणखी दोन-तीन.

“इथं कुणी पेरलं?” हेमलतानं विचारलं. “सरकारी जागेत पेरायचं नाही असं ठरलंय आपलं. मी तर नाही पेरलं.”

“कुणीच नाही पेरलं, आई. बी धुळीसारखं असतं. वाऱ्यानं आणलं.”

हेमलता त्या तुऱ्यापाशी गेली. ती वाकली नाही, तिनं फुलाला हात लावला नाही. नुसती बघत उभी राहिली. मग ती ओढ्याच्या दिशेनं वळली. पलीकडे आपल्या बागेत पुंडलिक कुंपण बांधत होता. लसीच्या दिवशी पूर्वी वाडीभर घुमायचा तो आवाज लावून तिनं हाक मारली.

“पुंडलिक! बेणं ओढा ओलांडून गेलं रे!”

पुंडलिकनं मान वर केली. काय झालं ते त्याला प्रथम कळलं नसावं. मग त्यानं हातातली तार टाकली, मागं वळून वाडीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि तो ओढ्यात उतरला. त्याच्यामागून एकेक करत माणसं येऊ लागली. काजू टाकून, भाकऱ्या तव्यावर ठेवून, कडेवर पोरं घेऊन.

हेमलतानं पदर सारखा केला, आणि घरच्या कार्याला माणसं येताना यजमानीण दारात उभी राहते तशी ती त्या तुऱ्याशेजारी ताठ उभी राहिली.